जुनी छोटी गाडी आणि एलपीजी: किट बसवावं का, आणि बसवलं तर सांभाळायचं कसं

कऱ्हाडकर_८००

पंधरा वर्षांची नोंदणी संपली, पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, पत्रा शाबूत आहे, इंजिन धूर देत नाही, फक्त पेट्रोलचा खर्च जड जातो. अशा मारुती ८००, ओम्नी, झेन, सँट्रो, जुन्या वॅगन आर आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्या मालकांना गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो सीएनजीचा. माझं मत वेगळं आहे. इंजिन ८०० ते १,१०० सीसीचं आणि डिकी जेमतेम दोन पिशव्यांची असेल, तर त्या गाडीला सीएनजीपेक्षा एलपीजी जास्त मानवतो. अट एकच: रोजच्या वाटेवर पंप हवा. ही अट आता अवघड होत चालली आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

आधी वजनाचं. सीएनजी भरतात २०० बारच्या दाबाने, त्यामुळे टाकी जाड पोलादाची लागते. पाण्याच्या मापाने ६० लिटरची टाकी रिकामीच साठ किलोच्या आसपास जाते आणि तिच्यात गॅस मावतो नऊ-दहा किलो. एलपीजी थोड्या दाबाखालीच द्रव होतो. टाकीतला दाब ऋतूप्रमाणे साधारण ५ ते १० बार, म्हणून पत्रा पातळ चालतो आणि टाकी वीस-पंचवीस किलोत बसते. कार्ब्युरेटरच्या ८०० ची ताकद ३७ बीएचपी, नंतरच्या १२ व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) इंजिनाची ४५. एवढ्याशा ताकदीच्या गाडीत मागे एक माणूस कायमचा बसवून ठेवल्यासारखं ते सीएनजीचं वजन आहे. मागच्या स्प्रिंगा बसतात, खड्ड्यात टेकते, आणि खंबाटकी चढताना दुसरा गिअर सुटत नाही.

आता पैशाचं. एलपीजी हलका असतो. एका लिटरचं वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर, पेट्रोलचं पाऊण किलो. त्यामुळे लिटरमागे एव्हरेज २० ते २५ टक्के कमी मिळतो, गाडी कितीही उत्तम असली तरी. पेट्रोलवर १६ देणारी गाडी गॅसवर साडेबारा देईल. पेट्रोल १०४ रुपये आणि गॅस ६२ रुपये धरला, तर पेट्रोलवर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात आणि गॅसवर पाचच्या आत. दीड रुपया सुटला. किटला सगळं मिळून तीस हजार लागले असं धरलं, तर ते फिटायला वीस हजार किलोमीटर जावे लागतात. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याला तीन वर्षांहून जास्त. त्यात सकाळी गाडी तापेपर्यंत थोडं पेट्रोल जातंच, ते वेगळं. तुमच्या गावचे दर घालून हे गणित करा. रविवारी देवदर्शनाला निघणाऱ्या गाडीला किट बसवू नका, असं मी मनापासून सांगेन. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर कामाला जाणाऱ्याने जरूर बसवावं.

किट दोन प्रकारचं. कार्ब्युरेटरच्या गाडीला साधं मिक्सरचं: टाकी, तांब्याची नळी, गॅसचा कटऑफ (वाट बंद करणारी झडप), पेट्रोलचा कटऑफ, गॅसचा दाब उतरवून त्याचा वायू करणारा रिड्यूसर, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बसणारा, गॅस हवेत मिसळणारा मिक्सर. रिड्यूसरमध्ये रेडिएटरचं गरम पाणी फिरवतात, कारण द्रवाचा वायू होताना तो उष्णता ओढून घेतो. पाणी फिरलं नाही तर रिड्यूसरवर बर्फ धरतो. एमपीएफआयला सिक्वेन्शियल किट घ्या. त्यात प्रत्येक सिलिंडरला गॅसचा वेगळा इंजेक्टर आणि त्यांना चालवणारा वेगळा ईसीयू (छोटा संगणक) असतो. एमपीएफआयवर स्वस्तातलं मिक्सर किट बसवून देणारे अजून भेटतात. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, गॅस आणि हवेचं मिश्रण भरून राहतं, स्पार्क एकदा चुकला की ते मागे पेटतं आणि एअर फिल्टरचा प्लास्टिकचा डबा फुटतो. पाचसहा हजार वाचवायला जाऊन हे दुखणं कोणी घेऊ नये.

किट बसवण्याआधी गाडी पेट्रोलवर सरळ करून घ्या, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस स्पार्क लागतो. जुने प्लग, तडकलेल्या प्लगवायरी, खाल्लेली डिस्ट्रिब्युटर कॅप पेट्रोलवर कशीबशी चालून जातात, गॅसवर लगेच मिसिंग सुरू होतं, म्हणजे मध्येच स्पार्क चुकून गाडी झटके देते. मग दोष गॅसला लागतो.

कागदांचं: किट मान्यताप्राप्त हवं, बसवणारा अधिकृत हवा, आणि आरसीवर इंधन बदलून ‘पेट्रोल/एलपीजी’ अशी नोंद हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये हे येतं. किटची मान्यता सरसकट सगळ्या गाड्यांना नसते, ठरावीक सीसी आणि उत्सर्जन मानकापुरती असते, आणि तीन वर्षांनी ती नव्याने घ्यावी लागते. म्हणून बसवणाऱ्याकडे चालू तारखेचं प्रमाणपत्र आणि त्यात आपल्या गाडीचा उल्लेख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ज्यांनी गॅसवर गाड्या चालवल्या आहेत त्यांनी अनुभव लिहावेत. नवीन कुणाला विचारायचं असेल तर निःसंकोच विचारा.

---

सोलापुरी_चादर

फार कामाचा धागा. माझ्याकडे वडिलांची १९९८ ची ८०० आहे, कार्ब्युरेटरची. रोज सोलापूर ते मोहोळ. किट आधीच्या मालकाने बसवलेलं, आरसीवर नोंद आहे. स्विच तीन खटक्यांचा आहे. मधल्या खटक्याचं काम काय? आमचा मेकॅनिक म्हणतो, तो वापरू नका.

---

कऱ्हाडकर_८००

मधला खटका फार कामाचा आहे, जरूर वापरा. तिथे पेट्रोल आणि गॅस दोन्ही बंद असतात. सकाळी पेट्रोलवर गाडी चालू करायची, तापमानाचा काटा थोडा वर आला की स्विच मध्ये आणायचा. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालत राहते. ती जरा अडखळली की गॅसवर टाकायचं. सरळ पेट्रोलवरून गॅसवर टाकलं तर वाटीतलं पेट्रोल आणि गॅस एकदम ओढले जातात, गाडी गुदमरते आणि काळा धूर येतो. चालत्या रहदारीत हे करू नका, घरून निघताना करा.

---

पाना_पक्कड

माझं मिरजेला गॅरेज आहे. कऱ्हाडकरांनी लिहिलं ते बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो.

एक, जुन्या गाड्यांतला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. आपल्याकडे गाडी गरम होते म्हणून मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि रेडिएटरला नळाचं पाणी भरतात. पेट्रोलवर काही जाणवत नाही. गॅसच्या गाडीत मात्र इंजिन लवकर तापत नाही, म्हणून रिड्यूसर थंड राहतो, ओढ मिळत नाही, गॅस जास्त खाते. नळाच्या पाण्याचा क्षार रिड्यूसरच्या बारीक वाटांत बसतो तो वेगळाच. गॅसची गाडी माझ्याकडे आली की मी आधी थर्मोस्टॅट आहे का ते बघतो. नसेल तर बसवतो, पाणी काढून कूलंट भरतो. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दोन, रिड्यूसरच्या तळाला निचऱ्याचा बोल्ट असतो. गॅसबरोबर तेलकट चिकट माल येतो आणि तळाशी साठतो. महिन्या-दोन महिन्यांनी, गाडी फिरवून आल्यावर, इंजिन बंद करून, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून, रिड्यूसर गरम असतानाच तो काढून टाकायचा. थंड झाला की घट्ट होतो, निघत नाही. हे कुणी करत नाही आणि मग रिड्यूसरचा रबरी पडदा ताठरला म्हणून नवीन किट घ्यायला निघतात. पडद्यांचं रिपेअर किट मिळतं.

तीन, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलून उघडणारा भाग; त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये थोडी फट ठेवलेली असते. एलपीजी कोरडा जळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट वाढली तर टकटक ऐकू येते, माणूस गाडी घेऊन येतो. इथे उलट होतं. आवाज कमी होतो, मालकाला वाटतं इंजिन किती छान चाललंय, आणि आत व्हॉल्व्ह पुरता बसत नसल्यामुळे जळायला लागतो. मारुतीच्या या जुन्या इंजिनांत टॅपेट स्क्रूने जुळवता येतात, काम तासाभराचं आहे. गॅसवर चालणाऱ्या गाडीचे दर दहा हजार किलोमीटरला थंड इंजिनावर फीलर गेज घालून तपासून घ्या, आवाज येवो न येवो. मॅन्युअलमध्ये दिलेलं माप धरा, अंदाजाने नको.

गॅसने इंजिन खराब होतं असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. उलट ऑइल स्वच्छ राहतं, कारण गॅस सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून नेत नाही. प्लगही काळे पडत नाहीत. लक्ष द्यायला लागतं ते हेच तीन ठिकाणी.

---

नाशिक_रोड

सगळं पटलं, पण एक सरळ प्रश्न. नाशिकला आता सीएनजी पंप जागोजाग झाले. एलपीजीचे मात्र कमी कमी होत चाललेत. रिक्षा सीएनजीवर गेल्या, नव्या गाड्या कंपनीतूनच सीएनजी लावून येतात. एलपीजीची नवी गाडी तर शोरूममध्ये दिसतच नाही. मग आज तीस हजार घालून एलपीजी बसवणं म्हणजे जे बंद पडत चाललंय त्यात पैसे गुंतवणं नाही का? वजनाचा मुद्दा मान्य, पण माझ्या झेनला सीएनजी आहे आणि मी खूश आहे. किलोला पेट्रोलपेक्षा जास्त एव्हरेज देते.

---

कऱ्हाडकर_८००

प्रश्न योग्य आहे. झेनचं इंजिन ९९३ सीसीचं आणि गाडी हलकी, तिला सीएनजी पेलतो. ८०० आणि ओम्नीला तेवढा पेलत नाही. ओढीतही फरक पडतो. दोन्ही गॅसवर ताकद उतरते, सीएनजीवर जास्त उतरते. दुसरं म्हणजे गाडीचं वय. वीस वर्षांच्या गाडीच्या मागच्या फ्लोअरला गंज असतोच. तिथे साठ-पासष्ट किलोची टाकी चार बोल्टांवर लटकवायची माझी तरी हिंमत नाही.

पंपांबद्दल मात्र तुमचंच बरोबर आहे. कधी काळी मारुतीने पेट्रोल आणि एलपीजी दोन्हींवर चालणारी वॅगन आर ड्युओ आणली २००६ मध्ये, ८०० ड्युओ २००८ मध्ये, शेवरलेची स्पार्क एलपीजीवर यायची. तेव्हा वाटायचं हेच इंधन वाढणार. तसं झालं नाही. कराचाही भाग आहे. ऑटो एलपीजी जीएसटीत आहे, १८ टक्के लागतो. घरगुती गॅसला ५ टक्के. सरकारने शहर गॅस वितरणाचं जाळं पसरवलं ते पाइपातल्या नैसर्गिक वायूचं, त्यामुळे सीएनजी जिल्ह्याजिल्ह्यात पोचला. एलपीजीच्या पंपाला पाइपलाइन लागत नाही, टँकर पुरतो. म्हणजे लहान गावातही तो चालू शकला असता. हे इंधन मागे पडलं याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण लहान गाडीला इतकं जुळणारं दुसरं काही नाही.

म्हणून मी सांगतो की पाच वर्षांचं गणित करा. तुमच्या वाटेवर दोन वेगवेगळ्या मालकांचे पंप असतील तर बसवा. एकच असेल तर तिथे जाऊन विचारा, रिक्षा किती भरतात बघा. रिक्षांची रांग असेल तो पंप इतक्यात बंद होत नाही. दरही तिथेच विचारा. सरकारी तेल कंपन्यांचा आणि खासगी पंपांचा दर एक नसतो.

---

यारा_काठी

मेलबर्नहून लिहितेय. इथे हेच झालं. मी आले तेव्हा टॅक्सी म्हणजे एलपीजीवरची फोर्ड फाल्कन, आणि प्रत्येक मोठ्या पंपावर गॅसचं नोझल. फोर्डने २०१६ मध्ये आणि होल्डनने २०१७ मध्ये इथे गाड्या बनवणं थांबवलं, टॅक्सीवाले हायब्रिड कॅमरीकडे गेले आणि गॅसचे पंप एकेक करून कमी झाले. किटं चांगली होती, लोक समाधानी होते, तरी झालं. टॅक्सी गेल्या की पंप जातात. कऱ्हाडकरांचा रिक्षांची रांग बघायचा सल्ला म्हणूनच मला फार पटला.

---

मधुरा_कोथरूड

आमच्या सोसायटीत पार्किंग तळघरात आहे. माझ्या सँट्रोला एलपीजी किट आहे, आरसीवर नोंद आहे, तरी कमिटीतले दोघे म्हणतात गाडी बाहेर लावा. त्यांची भीती खरी आहे की गैरसमज? खरं उत्तर हवंय, मला कुणाला हरवायचं नाही.

---

पाना_पक्कड

मधुराताई, भीतीला आधार आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, जवळपास दीड ते दोन पट. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागा शोधतो. तळघर, पंपाची टाकी, गटाराची जाळी. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते १० टक्क्यांत असलं की ठिणगी पुरते. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो वर जातो. म्हणून तळघराच्या बाबतीत सीएनजी उजवा, हे मान्य केलं पाहिजे.

दुसरी बाजूही सांगतो. कायदेशीर टाकीवर जो मल्टीव्हॉल्व्ह असतो त्यात चार गोष्टी असतात. टाकी ८० टक्के भरली की भरणं आपोआप बंद, नळी तुटली तर जोराचा प्रवाह अडवणारी झडप, दाब वाढला तर सोडणारी झडप, आणि हाताने बंद करायची चावी. सगळ्यावर हवाबंद डबा असतो आणि डब्यातून दोन नळ्या गाडीच्या खाली बाहेर काढलेल्या असतात, म्हणजे झडपेशी गळलं तरी गॅस डिकीत साठत नाही. तुमच्या गाडीत तो डबा आहे का, नळ्या जोडलेल्या आहेत का, ते आधी बघून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत सामान ठेवताना त्या निसटलेल्या असतात.

तळघरात हवा खेळती नसेल तर गाडी वर लावणं चांगलं. तेवढी सोय नसेल तर रात्री टाकीची चावी बंद करून गाडी लावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून बघा. फुगे आले की गळती. काडी पेटवून बघणारे अजून आहेत, तसं कधीही करू देऊ नका.

---

कऱ्हाडकर_८००

ताई, अजून एक. वास आला तर काय करायचं ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, गळती कळावी म्हणून. वास आला की सेल्फ मारायचा नाही, तळघरातल्या दिव्याचं बटणही दाबायचं नाही, चालू असेल तर चालू राहू द्यायचं. डिकी आणि दारं उघडायची, टाकीची चावी बंद करायची, गाडी ढकलत मोकळ्या हवेत न्यायची. कमिटीला हे लिहून द्या. त्यांनाही आधार वाटेल.

---

मधुरा_कोथरूड

दोघांचेही आभार. डबा आहे, एक नळी खरंच निसटलेली निघाली. जोडून घेतली. वॉचमनच्या केबिनशेजारी मोकळी जागा आहे, ती मागते कमिटीकडे.

---

ओम्नी_प्रेमी

एक विचारू का? आमच्याकडे तालुक्याला ओम्नीवाले घरचं लाल सिलिंडर वापरतात, किंवा पंपाने त्यातला गॅस गाडीच्या टाकीत ओढून घेतात. वर्षानुवर्षं चाललंय. स्वस्त पडतं. गॅस तर तोच ना?

---

पाना_पक्कड

दादा, कृपा करून हे करू नका आणि ओळखीत कुणी करत असेल तर थांबवा.

२००० पर्यंत एलपीजी वाहनात वापरायला परवानगीच नव्हती, म्हणून त्या काळी लाल सिलिंडरच्या ओम्नी धावायच्या. मोटार वाहन कायदा २००० साली बदलला, २००१ मध्ये वाहनांतल्या एलपीजीचा आदेश आला आणि मग कायदेशीर टाक्या आणि पंप आले. त्यानंतर लाल सिलिंडरला काही कारणच उरलं नाही. त्याला ८० टक्क्यांची मर्यादा ठेवणारी झडप नाही, नळी तुटल्यावर अडवणारी झडप नाही, गाडीत घट्ट बसवायची सोय नाही. आणि मोटर लावून गॅस ओढताना जो थोडा गळतो तो त्याच मोटरच्या ठिणगीने पेटतो. अशा आगी आपल्या राज्यात घडल्यात, माणसं गेलीत. शाळेची मुलं नेणाऱ्या ओम्नीत असं केलेलं मी बघितलं आहे. त्या दिवशी मी ती गाडी गॅरेजमधून सोडली नाही, मुलांच्या पालकांना बोलावलं.

कायद्यानेही तो गुन्हा आहे, जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो.

---

विमा_सल्ला

विम्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. किट बसवलं आणि आरसीवर नोंद झाली की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. बाहेरून बसवलेल्या किटच्या किमतीवर ४ टक्के जादा हप्ता आणि थर्ड पार्टीसाठी ६० रुपये, असा जुना दरपत्रकाचा हिशेब आहे. जुन्या गाडीला बरेच जण फक्त थर्ड पार्टी घेतात, त्यांनी ते ६० रुपये भरून नोंद जरूर करावी. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर आरसी, पॉलिसी आणि प्रत्यक्ष गाडी या तिन्हीत इंधन एकच आहे का ते बघतो.

---

सोलापुरी_चादर

मधला खटका वापरायला लागलो, धूर गेला. आता पुढचा प्रश्न. मी जवळपास सगळं गॅसवरच चालवतो. पेट्रोलच्या टाकीत दोन लिटर टाकून ठेवतो, बास. चालेल ना?

---

कऱ्हाडकर_८००

कार्ब्युरेटरच्या गाडीत लगेच काही बिघडणार नाही, पण दोन लिटर महिनोन्महिने पडून राहू देऊ नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबरी भाग त्या हिशेबाने बनवलेत, आपल्या १९९८ च्या नाहीत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पत्र्याच्या टाकीत थोडंच पेट्रोल आणि वर सगळी हवा, असं महिनाभर राहिलं तर आतून गंज धरतो आणि तो कचरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये येतो. म्हणजे गॅसवर चालणाऱ्या गाडीला पेट्रोलची काळजी जास्त घ्यावी लागते. मी असं करतो: पाच-सहा लिटर ठेवतो, आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवतो, आणि संपलं की ताजं भरतो. पेट्रोलच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा वाकवून बघतो, तडा दिसला की बदलतो. नळी स्वस्त आहे, आग परवडत नाही.

एमपीएफआयवाल्यांनी हे आणखी पाळावं. पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. काही जुन्या किटांत गाडी गॅसवर असतानाही तो पंप फिरत राहतो. टाकी कोरडी ठेवली की पंप जळतो. पाव टाकी कायम ठेवा.

---

आंबा_घाट

घाटाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझी वॅगन आर, आणि आंबा घाट वरचेवर. गॅसवर चढताना एसी बंद करतो आणि एक गिअर आधीच खाली घेतो. गॅसवर ओढ थोडी कमी असली तरी हॅमरिंग (इंधन वेळेआधी पेटून होणारी खडखड) अजिबात होत नाही, कारण ऑक्टेन, म्हणजे तसं पेटू न देण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा बराच वरचा आहे. चार माणसं आणि सामान असेल तर मी घाटापुरती गाडी पेट्रोलवर टाकतो, वर पोचलो की परत गॅसवर. बटण त्यासाठीच आहे.

उन्हाळ्यात रत्नागिरीहून येताना पंपावर गॅस भरायला वेळ लागतो, हे नवीन लोकांनी लक्षात ठेवा. गाडी उन्हात तापली की टाकीतला दाब वाढतो आणि पंपाला आत ढकलायला जोर लागतो. दहा मिनिटं सावलीत थांबवली तर फरक पडतो. आणि ३५ लिटरच्या टाकीत २८ लिटरच बसणार, ती २० टक्के जागा गॅस फुगायला ठेवलेली असते. पंपावरच्या पोराशी त्यावरून वाद घालू नका, आणि “थोडा अजून दाब” असं तर मुळीच सांगू नका.

---

जुनी_पण_आपली

उशिरा आले या धाग्यावर. इचलकरंजीत एक वॅगन आर ड्युओ बघितली आहे, कंपनीचं एलपीजी. गाडी स्वच्छ, किंमत बरी. मालक म्हणतात गेली काही वर्षं गॅस वापरलाच नाही, पेट्रोलवरच फिरवली. घ्यायच्या आधी काय काय बघू?

---

पाना_पक्कड

ताई, गाडी कंपनीची म्हणजे टाकी आणि जोड नीट बसवलेले असणार, ती जमेची बाजू. पण गॅस न वापरता पडून राहिलेल्या किटचा रिड्यूसरचा पडदा वाळलेला असतो, त्याचा खर्च धरूनच भाव करा.

आधी टाकीच्या चाचणीची तारीख बघा. एलपीजी टाकीची दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते, तीही स्फोटक विभागाने म्हणजे पेसोने मान्यता दिलेल्या केंद्रावरच. प्रमाणपत्रावरचा क्रमांक आणि टाकीवर ठोकलेला क्रमांक एकच हवा. आरसीवर एलपीजी आहे म्हणजे पुढच्या पासिंगला ते प्रमाणपत्र मागतील. मालकांनी गॅस वापरला नाही तरी ते चुकत नाही.

मग गाडी थंड असताना पेट्रोलवर चालू करून गरम होऊ द्या, गॅसवर टाका आणि हळू चालवा. रिकामी उभी असताना बंद पडते का, एसी लावल्यावर आरपीएम टिकतात का, ते बघा. रिड्यूसरला हात लावा, गाडी तापल्यावर तो कोमट-गरम लागला पाहिजे. टॅपेट कव्हर उघडून फट मोजून घ्या, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. तिन्ही-चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ हवेत. एकाचा खूप खाली असेल तर व्हॉल्व्हचं काम निघेल.

---

जुनी_पण_आपली

बघून आले. गॅसवर चांगली चालली, आकडेही जवळजवळ आले. पण टाकीवर कुणीतरी काळा रंग मारलाय, क्रमांक वाचताच येत नाही. मालक म्हणतात घासून काढून देतो.

---

पाना_पक्कड

घासू देऊ नका. ठोकलेले आकडे उथळ असतात, सँडपेपरने गेले की ती टाकी चाचणीला घेत नाहीत. गॅस संपवून, चावी बंद करून गाडी तशीच चाचणी केंद्रावर न्या, रंग ते काढतील आणि क्रमांक लागला तर तिथेच चाचणी होईल. तो खर्च मालकांनी करावा, आणि प्रमाणपत्र हातात आल्यावरच इसार द्या. क्रमांक नाही लागला तर नव्या टाकीचे पैसे किमतीतून वजा करून बोला. ते तयार नसतील तर दुसरी गाडी बघा, कोल्हापूर-सांगली पट्ट्यात ड्युओ अजून मिळतात. मिरजेला आणलीत तर मी एकदा बघून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

---

जुनी_पण_आपली

दादा, मालक चाचणीचा खर्च द्यायला तयार झाले. सोमवारी केंद्रावर नेताहेत, मीही जाणार आहे. क्रमांक लागला की इथे कळवते, आणि गाडी घेऊन आधी मिरजेलाच येते.